मालिकांतील अपुरीं माणसें

मराठी मालिकांची थट्टा करणें हें हल्लीं सुशिक्षितपणाचें एक स्वस्त लक्षण होऊन बसलें आहे. स्वयंपाकघरांत शालू नेसून वावरणाऱ्या सासवा, दाराआड उभ्या राहून ऐकणाऱ्या जावा, आणि एकाच थपडेचा आवाज तीन बाजूंनीं तीनदां ऐकविण्याची रीत, यांवर विनोद करून झाला कीं आपण मोठें परीक्षण केलें असें आपल्याला वाटूं लागतें. विनोद करणाऱ्याच्या घरीं साडेसात वाजतां पडदा काळा असतो असें मात्र नाहीं. ही थट्टा आम्हांस पसंत नाहीं, कारण ती फारच सौम्य आहे. शालू आणि दागिने हे किरकोळ गुन्हे होत. मालिकांवर जो खरा आरोप ठेवावयास पाहिजे तो हा, कीं त्या माणसें निर्माण करतात आणि त्यांना पुरें होऊं देत नाहींत.

आरोप नीट समजावा म्हणून एक भेद आरंभींच करूं. पात्राचें आयुष्य अपुरें राहणें ही एक गोष्ट, आणि पात्रच अपुरें राहणें ही दुसरी. हरि नारायण आपटे यांच्या 'पण लक्षांत कोण घेतो!' या कादंबरींतील यमूचें आयुष्य किती अपुरें! नवऱ्याच्या प्रोत्साहनानें वाचूं लागलेली ही मुलगी ऐन तारुण्यांत विधवा होते, बळजबरीनें तिचें केशवपन होतें, आणि ती लवकरच मरते. तिच्या अंगच्या गुणांचें चीज म्हणून झालें नाहीं. पण यमू हें पात्र अपुरें आहे असें कोण म्हणेल? तिला काय व्हावयाचें होतें, तें कोणीं होऊं दिलें नाहीं, आणि त्या अन्यायांत भोवतालच्या भल्या माणसांचाही वांटा किती होता, हें सर्व आपट्यांनीं असें चोख दाखविलें आहे कीं सव्वाशें वर्षांनंतरही तिच्या आठवणीनें मन अस्वस्थ होतें. विशेष हें कीं ही कादंबरी देखील क्रमशःच प्रसिद्ध झाली. १८९० सालीं निघालेल्या 'करमणूक' पत्राच्या वाचकांना ती प्रकरणाप्रकरणानेंच मिळाली. तेव्हां गोष्ट हप्त्याहप्त्यानें सांगणें हा दोष नव्हे. यमूला समाजानें मारलें आणि लेखकानें जगविलें. आजच्या मालिकांत बहुधा याच्या उलट घडतें. नायिकेपुढें शिक्षण, नोकरी, घटस्फोट, पुनर्विवाह असे सारे दरवाजे समाजानें आणि कायद्यानें उघडे ठेवलेले असतात. तिला उंबरठ्यावर अडवून धरते ती मालिका.

हें आम्ही रोहिणखेडाहून लिहीत आहों, आणि त्याला कारण आहे. बुलढाणा जिल्ह्यांत, डोंगराच्या पायथ्याशीं असलेलें हें आमचें गांव मालिकालेखकांच्या नकाशांत नाहीं. त्यांचा महाराष्ट्र मुंबईच्या चाळींत सुरू होतो, पुण्याच्या बंगल्यांत विसांवतो, आणि चवपालट म्हणून कोल्हापूरच्या तालमींत किंवा मालवणच्या वाड्यांत डोकावून येतो. अशा स्थितींत २०१६ सालच्या ऑगस्ट महिन्यांत 'माझ्या नवऱ्याची बायको' ही मालिका सुरू झाली आणि तिची नायिका राधिका सुभेदार नागपूरकडच्या बोलींत बोलूं लागली, तेव्हां वऱ्हाडांतल्या घराघरांत किती कौतुक झालें हें बाहेरच्यांना कळावयाचें नाहीं. नागपुरी बोली आणि आमची वऱ्हाडी यांत फरक आहेच. पण उपाशी माणूस ताटांतल्या पदार्थाचा मुलूख विचारीत नाहीं. आपल्या बाजूची बाई, आपल्या बाजूच्या हेलानें, पाहुणी म्हणून न येतां यजमानीण म्हणून पडद्यावर आली, एवढेंच आम्हांस पुरेसें होतें. अनिता दाते यांनीं ती भूमिका मनापासून केली यांतही शंका नाहीं.

या राधिकेजवळ काय नव्हतें? स्पष्ट बोलण्याचें धैर्य होतें, हाताला चव होती, माणसें जोडण्याची कला होती, आणि फसविली गेलेली असूनही स्वतःची कींव न करणारा एक तिखट विनोद होता. नवऱ्यानें विश्वासघात केल्यावर ती मसाल्यांचा धंदा उभारते, येथपर्यंत कथेचें पाऊल बरोबर पडलें होतें. आतां खरी गोष्ट सुरू व्हावयाची. मसाल्याचा धंदा म्हणजे काय हें वऱ्हाडांतल्या कोणत्याही बचतगटांतील बाईला विचारावें. मिरची कोणत्या बाजारांत कोणत्या महिन्यांत घ्यावयाची, उधारी कोणाला द्यावयाची आणि कोणाला नाहीं, कांडपाच्या यंत्राचा हप्ता कसा फेडावयाचा, शेजारणीला कामावर ठेवलें म्हणजे ती शेजारीण राहते कीं मजूर होते, असे शेंकडों प्रसंग त्या धंद्यांत आहेत. आणि प्रत्येक प्रसंग माणसाला थोडा थोडा बदलीत नेणारा आहे. या प्रसंगांतून राधिका घडती तर मराठींत एक अपूर्व स्त्रीपात्र जन्मास आलें असतें. मालिकेला तेवढा धीर नव्हता. राधिका पाहतां पाहतां कोट्यधीश झाली. तीनशें कोटींचा तो आंकडा पुढें गांवोगांवच्या थट्टेचा विषय झाला, आणि ती थट्टा अस्थानीं नव्हती. प्रेक्षक हंसले, कारण त्यांना बेरीज येत होती. तिचें भाग्य वाढलें, पण माणूस तेवढाच राहिला. संपत्ति ही वाढीची खूण असूं शकते, वाढ नव्हे, हा साधा विवेक ज्यांना राहिला नाहीं त्यांनीं शून्यें वाढविलीं आणि पात्र वाढलें असें समजून घेतलें.

याहून वाईट गोष्ट पुढें आहे. कोट्यवधींची मालकीण झाल्यावर आणि दुसरें लग्न केल्यावरही राधिकेच्या कथेचा खुंटा गुरुनाथ हाच राहिला. साडेचार वर्षें मालिकेपुढें प्रश्न काय, तर गुरुनाथाची खोड कशी मोडावी! शीर्षकांतच तिची कैद लिहिलेली होती. नवरा, आणि नवऱ्याची दुसरी. आपल्या नांवानें उभें राहण्यास तिला त्या शीर्षकांत जागाच नव्हती. मार्च २०२१ मध्यें मालिका संपली, तेव्हां आमच्या बोलीला पडद्यावर काय मिळालें? एक लकब मिळाली. त्या बोलींत विचार करणारी बाई मिळाली नाहीं.

राधिकेचें उदाहरण एकटें असतें तर हा लेख लिहिण्याचें कारण नव्हतें. मराठी मालिकांच्या नायिकांचे व्यवसाय आठवून पाहावे. 'आभाळमाया'मधील सुधा जोशी प्राध्यापिका, 'वादळवाट'मधील रमा चौधरी वकील, 'होणार सून मी ह्या घरची'मधील जान्हवी बँकेंत नोकरीस, 'तुझ्यात जीव रंगला'मधील अंजली शिक्षिका. यादी वाचून वाटावें, केवढा हा प्रगत समाज! पहिल्या दोघींच्या काळीं, म्हणजे १९९९ पासून पुढच्या सहासात वर्षांत, व्यवसायाला कथेंत कांहीं वजन तरी होतें. सुधा जोशीची प्राध्यापिका तिच्या घरांतल्या दुःखालाही एक ताठ कणा देत होती. पुढें पुढें व्यवसाय म्हणजे वधूपरीक्षेच्या वेळीं सांगण्याचें एक वाक्य झालें. जान्हवीची बँक श्रीशीं गांठ घालून देण्यापुरती महत्त्वाची. गांठ पडली कीं बँकेचें काम संपलें. मग तिची स्मृति गेली, मग तिचें गरोदरपण इतकें लांबलें कीं महाराष्ट्रानें महिने मोजण्याचें सोडून दिलें. आणि सहा सासवांच्या त्या घरांतला श्री? सर्वांचा लाडका असणें यापलीकडे त्याला दुसरा उद्योगच उरला नाहीं. अपुरेपणाचा हा शाप एकट्या नायिकांना नाहीं. चांगुलपणा म्हणजे स्वभाव नव्हे. चांगल्या माणसाला जेव्हां दोन चांगल्या गोष्टींतून एक निवडावी लागते तेव्हां त्याचा स्वभाव दिसतो, आणि ती वेळ श्रीवर क्वचितच येऊं दिली गेली.

सर्वांत जिव्हारीं लागणारें उदाहरण 'आई कुठे काय करते' या मालिकेंतील अरुंधतीचें आहे. मूळ कथा 'श्रीमोयी' या बंगाली मालिकेची. पण मधुराणी प्रभुलकर यांनीं ती अरुंधती अशी मराठी केली कीं तिचें परकेपण कोणास जाणवलें नाहीं. पंचवीस वर्षें घरासाठीं झिजलेली, गाणें विसरलेली बाई नवऱ्याची प्रतारणा उघड झाल्यावर त्याच्यापासून वेगळी होते, गाण्याकडे परतते, आणि पुढें आशुतोषाशीं लग्न करते. मोठालीं मुलें असलेल्या बाईचा पुनर्विवाह रोज संध्याकाळीं, सासूसुनांनीं एकत्र बसून पाहावा, ही लहान गोष्ट नव्हती. ज्या घरांत हा विषय उच्चारण्याची सोय नव्हती तेथें अरुंधतीच्या निमित्तानें तो उच्चारला गेला. आणि मग? आशुतोषाला मरण आलें, आणि अरुंधतीची गोष्ट फिरून फिरून त्याच जुन्या घराच्या दाराशीं आली.

इब्सेनच्या 'डॉल्स हाउस'मधील नोरा १८७९ सालीं घराचें दार लावून बाहेर पडली. अनंत काणेकरांनीं 'घरकुल' या नांवानें तें नाटक मराठींत आणलें. जर्मनीमधील एका प्रसिद्ध नटीनें, आपण मुलांना टाकून जाणारी आई रंगवणार नाहीं असा हट्ट धरला, तेव्हां इब्सेननें नाइलाजानें नोरा घरांतच राहते असा दुसरा शेवट लिहून दिला. पण तो आपल्या नाटकावर झालेला रानटी अत्याचार आहे असें त्यानें जाहीरपणें सांगितलें. आमच्याकडे हा अत्याचार रोजच्या कामाचा भाग झाला आहे, आणि त्याची लाज वाटून जाहीर बोलणारा इब्सेन मात्र कोणी नाहीं. मार्च २०२४ मध्यें अरुंधतीची मालिका संध्याकाळच्या साडेसातवरून दुपारच्या अडीचवर नेण्यांत आली आणि नोव्हेंबरअखेर ती संपली. ज्या बाईनें घर सोडण्याचें धाडस केलें तिला शेवटीं जेवणानंतरच्या डुलकीच्या वेळेंत बसविण्यांत आलें.

आणि त्या दुसऱ्या बायका? शनाया, संजना, शेवंता. पहिल्या पत्नीला सती ठरविण्यासाठीं यांना काळ्या रंगांत बुडवावें लागतें. संजना नोकरींत कर्तबगार, स्वतःच्या बुद्धीवर पुढें आलेली. अनिरुद्धासारख्या माणसांत तिला काय दिसलें, आणि जें हवें होतें तें मिळाल्यावर तिच्या पदरीं काय पडलें, हा प्रश्न अरुंधतीच्या प्रश्नाइतकाच मोलाचा होता. 'रात्रीस खेळ चाले'मधील शेवंतेवर प्रेक्षकांनीं जीव लावला तो तिच्या जगण्याच्या भुकेमुळें. त्या भुकेचें मूळ शोधण्याऐवजीं तिला आधीं मारलें आणि नंतरच्या भागांत भूत करून परत आणलें. जिवंतपणीं अपुरी राहिलेली बाई मेल्यावरही कामावरून सुटली नाहीं!

असें कां होतें? लेखकांना बुद्धि नाहीं म्हणून? मुळींच नाहीं. या मालिकांचे पहिले पन्नास भाग पाहावे. त्यांत निरीक्षण असतें, संवादांत धार असते, माणसाची पारख असते. कारण हिशेबांत आहे. आठवड्याचे सहा दिवस, दररोज सुमारें बावीस मिनिटें, म्हणजे वर्षाकाठीं तीनशेंहून अधिक भाग आणि शंभरांहून अधिक तास. इतकें लिहावयाचें, लगेच चित्रित करावयाचें, आणि दर आठवड्याला कांहीं हजार घरांतल्या यंत्रांनीं टिपलेला प्रेक्षकांचा आंकडा पाहून पुढची दिशा ठरवावयाची. या हिशेबांत सर्वांत धोक्याची गोष्ट कोणती? शेवट. पात्र पुरें झालें कीं कथा संपली, आणि कथा संपली कीं जाहिरातींचें एक चालतें दुकान बंद झालें. म्हणून पात्र पुरें होण्याच्या जवळ आलें रे आलें कीं त्याला अपघात होतो, विस्मरण होतें, तुरुंगवास घडतो, किंवा त्याच्या तोंडवळ्याचें दुसरें माणूस गांवांत येतें. 'चार दिवस सासूचे' ही मालिका २००१ पासून २०१३ पर्यंत चालली आणि तिचे तीन हजारांवर भाग झाले. शीर्षकांतल्या चार दिवसांची बारा वर्षें झालीं. ज्या म्हणींत सुनेचे चार दिवस येण्याचें वचन आहे, त्याच म्हणीचा अर्धा तुकडा तोडून हें घडलें, हा योगायोग आम्हांस अर्थपूर्ण वाटतो.

आमच्या रोहिणखेडच्या रानांत इतिहासानें दोन लढाया पाहिल्या. १४३७ सालीं खानदेशच्या नसीरखानाचा बहमनी फौजेनें येथें पराभव केला. सोळाव्या शतकाच्या अखेरीस बुऱ्हाण निजामशहाविरुद्ध लढतांना जमालखान येथें पडला. तो पडला तो पडलाच. त्याचा जुळा भाऊ निघाला नाहीं, कीं सहा महिन्यांनीं तो स्मृति हरपलेल्या अवस्थेंत सांपडला नाहीं. म्हणूनच त्याच्या जीविताचा बरावाईट अर्थ लावतां येतो. ज्याला शेवट नाहीं त्याला अर्थही नाहीं; मृत्यु असो, निवृत्ति असो कीं नुसतें दार लावून बाहेर पडणें असो, कोठेंतरी रेघ मारल्याशिवाय माणसाच्या आयुष्याची बेरीज होत नाहीं.

यावर आक्षेप घेतले जातील. पहिला असा कीं ही नुसती करमणूक आहे, तिच्याकडून एवढी अपेक्षा कां? आम्ही विचारतों, जें पुस्तक घरांत वर्षांतून एकदां उघडलें जातें त्याच्याविषयीं आपण काटेकोर असतों. मग जी गोष्ट वर्षांतून तीनशें दिवस मुलाबाळांसमोर उलगडते तिला करमणूक म्हणून सोडून द्यावयाचें हा कोणता न्याय? दुसरा आक्षेप असा कीं प्रेक्षकांनाच हें हवें आहे, आंकडे तसें सांगतात. आंकडा इतकेंच सांगतो कीं यंत्र चालू होतें. समोरची बाई रमून पाहत होती, चिडून पाहत होती, कीं भाजी निवडतांना घरांत माणसाचा आवाज असावा म्हणून तिनें तें लावून ठेवलें होतें, हें तो सांगत नाहीं. तिसरा आक्षेप जरा शहाणा आहे: आयुष्य तरी कोठें पुरें होतें? होत नाहीं, कबूल. पण त्याचें उत्तर यमूच्या निमित्तानें वर देऊन ठेवलें आहे. अपुरें आयुष्य पुरेपणानें दाखवितां येतें. किंबहुना वाङ्मयाचें बरेंचसें काम तेंच आहे.

शिवाय हें मराठींत साधलेलें आहे. 'श्रीयुत गंगाधर टिपरे' ही दिलीप प्रभावळकरांच्या 'अनुदिनी'वर आधारलेली मालिका २००१ पासून कांहीं वर्षें आठवड्यांतून एकदां येत असे. तिच्यांत ना खून, ना कारस्थान. पण आबा, शेखर, श्यामला, शिऱ्या आणि शलाका हे पांचजण आपापल्या वेडेपणासकट पुरे होते. 'एका लग्नाची दुसरी गोष्ट' जानेवारी २०१२ मध्यें सुरू झाली आणि लोकप्रियता ऐन भरांत असतांना ऑगस्टांत संपली. सोयीचें लग्न करणारे राधा आणि घनश्याम त्या सात महिन्यांत खरोखर बदलले, आणि बदल पुरा होतांच निरोप घेते झाले. आणखी मागें गेलें तर या देशांत लांब पल्ल्याच्या मालिकेची कल्पना रुजविणाऱ्यांत विदर्भाचेच वसंत साठे होते. मेक्सिकोमधील लोकशिक्षणाच्या मालिकांचा नमुना समोर ठेवून १९८४ च्या जुलैंत सुरू झालेली 'हम लोग' ही हिंदी मालिका सुमारें दीडशें भागांत, दीड वर्षाच्या आंत, आटोपली. आणि एवढ्या अवकाशांत एका घरांतल्या तीन पिढ्या लोकांना सख्ख्या वाटूं लागल्या. पुरें होण्यास तीन हजार भाग लागत नाहींत. अपुरें राहण्यास मात्र ते लागतात.

आतां थोडें आपल्याविषयीं. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर याच आमच्या जिल्ह्यांत, खामगांव आणि जळगांव-जामोद येथें, वकिली करीत राहिले, आणि तेथून त्यांनीं आपल्या काळच्या नाटकांचीं परखड परीक्षणें लिहिलीं. नाटक ही हलकी करमणूक आहे, तिच्या वाटेस शिष्टांनीं कां जावें, असें म्हणणारे तेव्हांही होते. कोल्हटकरांनीं तसें म्हटलें नाहीं; त्यांनीं पात्रें तपासलीं, संविधानकें तपासलीं, आणि चुकलेल्या नाटककाराला नांव घेऊन सांगितलें कीं येथें तुझें चुकलें. आज मालिकांना तें भाग्य कोठें आहे? वर्तमानपत्रें कोणत्या नटीनें कोणती साडी नेसली तें छापतात, आणि आम्ही सुशिक्षित माणसें नाक मुरडतों व पाहत राहतों. मालिकेच्या लेखकाचें नांव आपल्यापैकीं किती जणांना ठाऊक असतें? ज्याचें नांव कोणी विचारीत नाहीं त्याच्यावर जबाबदारी तरी कशी येणार, आणि वाहिनीच्या दडपणापुढें उभें राहण्यास बळ तरी कोठून येणार?

म्हणून आमचें मागणें दोन ठिकाणीं आहे. वाहिन्यांकडे हें, कीं मालिका सुरू करण्यापूर्वीं तिचा शेवट लिहून ठेवावा आणि आंकडा काय म्हणतो याकडे न पाहतां त्या शेवटाशीं प्रामाणिक राहावें. वाचकांकडे हें, कीं थट्टा पुरे, परीक्षण सुरू करा. पुढच्या खेपेस एखादी राधिका धंदा काढील, एखादी अरुंधती घराबाहेर पडेल, तेव्हां घरांतल्या मुलींसमोर मोठ्यानें विचारा कीं ही आतां पुढें काय करील, आणि तिला तें करूं दिलें नाहीं तर कोणीं अडविलें. मुली या मालिका पाहून साड्या शिकत नाहींत, त्या बाईनें कोठपर्यंत जावें याची हद्द शिकतात. सध्यां ती हद्द दर आठवड्याच्या आंकड्यानें आंखली जात आहे. ती मागें सारणें हें लेखकाचें काम आहेच; पण ती कोठें आहे तें बोट ठेवून दाखविणें हें आपलें काम आहे, आणि तें आपण अजून सुरूही केलेलें नाहीं.